नापासकराचं नाव

नापासकर कोड खालून वर वाचायचा. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची, असं करत पहिल्या ओळीपर्यंत. तेही छापलेल्या कागदावर, हातात हिरव्या शाईचं पेन घेऊन. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी विचारलं, "सर, असं उलटं का?" तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "वरसून वाचला काय लिवणाऱ्याचा खरा वाटता." म्हणजे लिहिणारी मी, आणि माझं काही खरं वाटू नये याची सोय या माणसाने आधीच करून ठेवलेली! त्या दिवशी मला त्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही.

वयाने तो माझ्या वडिलांपेक्षा मोठा. त्याला 'ते' म्हणायला हवं, कळतं मला. तोंडावर मी 'सर' आणि 'तुम्ही'च म्हणायचे. पण लिहायला बसले की हात 'तो'कडेच जातो, तर जाऊ दे. 'नापासकर' हे आमच्या ऑफिसने ठेवलेलं नाव. तो मालवणचा ख्रिश्चन, आडनावात 'कर' औषधालासुद्धा नाही. पण समोर आलेला प्रत्येक कोड नापास करायचा, म्हणून नापासकर. कुणीतरी आगाऊपणाने ते नाव लिहून त्याच्या चहाच्या कपावर चिकटवलं. तो रागावेल, कप फेकेल, निदान विचारेल तरी असं आम्हाला वाटलेलं. छे! तो रोज त्याच कपातून निवांत चहा प्यायचा, आणि आम्हीच माना खाली घालून बसायचो.

आमची कंपनी कुडाळच्या एमआयडीसीत. कंपनी म्हणजे एक शेड, सात माणसं आणि एक मालक. मच्छीमारांच्या बोटींसाठी आम्ही एक पेटी बनवतो. बोटीच्या तळात पाणी भरायला लागलं की ती बोंब मारते. पेटीच्या पोटात छोटा संगणक, त्यात ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचा गाभा म्हणजे कर्नल. हा कर्नल आपल्या कामात असतो आणि तळातला सेन्सर त्याला मध्येच हाक मारतो. पाणी थोडं वाढलं की एक हाक, धोक्याच्या खुणेला पोचलं की दुसरी. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आल्यावर कर्नलने काय करायचं ते लिहिणं हे माझं काम, आणि मी लिहिलेलं तपासणं हे नापासकराचं.

आता हा कर्नल काही आमच्या घरचा नव्हे. जगभरची माणसं त्यात भर घालतात. केलेला बदल मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलमध्ये, चारचौघांत मांडावा लागतो, आणि एखाद्या जाणत्याने 'मी हे तपासलं' म्हणून त्याच्याखाली आपलं नाव घातलं की तो पुढे सरकतो. नापासकर वीस वर्षं मोठ्या जहाजांवर रेडिओ ऑफिसर होता. जहाजांना रेडिओ ऑफिसर नकोसे झाले तेव्हा केबिनमध्ये बसून हे सगळं स्वतःच शिकला. लिस्टवर त्याच्या नावाला वजन होतं. ते खाली दिसलं की भलेभले लोक पुढे प्रश्न विचारत नसत. मला ते नाव हवं होतं. इथल्याच नांदगावची मी, पुण्याची नोकरी सोडून गावाकडे आलेली, 'तिथे जमलं नाही वाटतं' असं येताजाता ऐकणारी. माझ्या कोडाखाली ते नाव एकदा, फक्त एकदा लागलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मंगळवारी आणि गुरुवारी तो मालवणहून एसटीने यायचा. हातात छत्री, डब्यात बहुतेक सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी. दुपारी सगळ्यांना वाढायचा, पण ज्याचा कोड तपासायचा राहिलाय त्याला एक सुंगट द्यायचा नाही. लाच होते म्हणे! मी त्याच्याबरोबर चार वर्षं काम केलं आणि त्याची कढी मोजून दोनदा खाल्ली.

त्याची तपासायची रीत म्हणजे छळ होता, दुसरा शब्द नाही. लिहिणाऱ्याला समोर बसवायचं, एकेका ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "आता हाक इली तर?" पुढची ओळ. "आता हाक इली तर?" पुढची. "आता?" दोनशे ओळी असल्या तर दोनशे वेळा. पहिल्याच खेपेला मी हाक आल्यावर कर्नलला थोडं थांबायला लावलं होतं, सेन्सर तयार होईपर्यंत. तर भडकला. "दारात कोणी हाक मारल्यान तर 'ओ' देवचा, काय ता ध्यानात ठेवचा नि परत चुलीकडे येवचा. तू उंबऱ्यार गजाली मारीत बसलंस! थंय भात करापलो!" समजावलेलं चांगलं होतं, नाही कशाला म्हणू? पण ते सात माणसांसमोर आणि शेडच्या पत्र्यावरून आवाज घुमेल असं सांगायची काय गरज होती?

आणि चूक काय ते कधी सांगायचा नाही. समासात एक हिरवा ठिपका द्यायचा, बस. मी एकदा हात जोडले, "अहो सर, काय चुकलंय ते सांगा ना एकदाचं!" तर म्हणतो, "मी सांगितलंय तर ती माझी चूक होतली. तुझी तुका गावाक व्हयी." म्हणजे माझी चूक मलाच सापडायला हवी! आमचा एक सहकारी या ठिपक्यांना कंटाळून नोकरी सोडून गेला. चांगला हुशार मुलगा, घरचं सगळं त्याच्यावर. जाताना नापासकराला नमस्कार करायला गेला, तर याने त्याच्या हातात त्याचाच ठिपका दिलेला कागद ठेवला. असल्या माणसाबद्दल लोक 'फणसासारखा, वरून काटे, आतून गोड' वगैरे म्हणतात. मी चार वर्षं जवळून बघितला. आतही बराचसा काटाच होता.

हाकेला उत्तर द्यायचा माझा कोड त्याने सहा वेळा परत पाठवला. एकदा नावं नीट नाहीत म्हणून, एकदा बदलाचं कारण तीन वाक्यांत लिहिलं म्हणून ("दोन पुरे"), एकदा तर रिकाम्या जागेवरून. सातव्या वेळी सगळं स्वच्छ, फक्त एका ठिकाणी, दोन ओळींच्या मधोमध, तोच तो हिरवा ठिपका. मी त्या दोन ओळी दहादा वाचल्या. पहिलीत पाणी किती आहे ते मोजायचं, दुसरीत आलेली हाक पुसायची. यात चुकणार काय, कपाळ? मी सेन्सर बादलीत बुडवून चाळीस वेळा पेटी वाजवून दाखवली. तो शांतपणे बघत राहिला आणि म्हणाला, "वाजली ती माका दिसली. नाय वाजाची ती दाखव." असं बोलणाऱ्याला काय दाखवणार? मी बादली तिथेच ओतली आणि जेवायला गेले.

तेवढ्यात तो भाचीच्या लग्नाला गोव्याला गेला, चांगला दोन आठवडे. इकडे बोटी बाहेर पडायचे दिवस आले. मालक माझ्या डोक्यावर उभे. "त्यांनी बघितलंय ना गं?" मी म्हटलं, "हो, बघितलंय." बघितलं होतंच की! सातदा बघितलं होतं. मी आजूबाजूच्या तीन ओळी इकडच्या तिकडे केल्या, ठिपका जणू दिलाच नव्हता असं स्वतःला पटवलं, आणि बदल लिस्टवर पाठवताना खाली त्याचं नाव घातलं. 'तपासलं' म्हणून. दोनदा टाइप करून पुसलं, खोटं कशाला बोलू? पण तिसऱ्यांदा ठेवलं. दोन दिवसांत बदल स्वीकारला गेला. कुणी एक प्रश्न विचारला नाही. नावाचं वजन! आणि पहिली पेटी मालवणच्या एका बोटीवर बसलीसुद्धा.

त्याने गोव्यात बसून लिस्ट वाचली. लग्नघरात, बहुतेक रोस, म्हणजे नवरीला नारळाचा रस लावायचा विधी, चालू असताना. आणि सगळ्या जगासमोर एका ओळीत लिहिलं, की हे मी तपासलेलं नाही, कृपया काढून टाका. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ज्यांची नावं मी फक्त आदराने वाचली होती त्या माणसांनी मग आपापसांत लिहिलं, की असं करणाऱ्यांचं पुढचं काही घ्यावं का. मी ते ऑफिसच्या बाथरूममध्ये उभी राहून मोबाइलवर वाचलं. त्याला जितके शाप त्या दिवशी दिले तितके आयुष्यात कुणाला दिले नाहीत.

गुरुवारी तो आला. छत्री खुंटीला अडकवली, डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मी भांडायची पूर्ण तयारी करून ठेवलेली. तो ओरडला की मी ओरडणार, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. त्याने फक्त कागद पुढे सरकवले. "वाच. वरसून."

"वरून?"

"व्हय. तुझा तुका खरा वाटता मा? वाटांदेत."

मी वाचायला लागले. तो प्रत्येक ओळीला विचारत होता, मी दात ओठ खात उत्तर देत होते. 'नोंद होईल.' 'थांबेल, मग घेतली जाईल.' 'काही बिघडत नाही.' मग त्या दोन ओळी आल्या. पाणी मोजलं. हाक पुसली. त्याने बोट पहिल्या ओळीवर नाही, दुसऱ्यावरही नाही, दोघींच्या मध्ये ठेवलं. "आता हाक इली तर?"

मी पुढची ओळ बघितली, मग परत मागची.

"बोल."

"पुसली जाईल."

"खंयची?"

"दुसरी. मोजून झाल्यावर पाणी धोक्याच्या खुणेला पोचलं, तर त्याची हाक येईल, आणि मी पहिली समजून तीच पुसून टाकीन."

"मगे?"

"मग पेटी गप्प बसेल."

आधी हाक पुसायची, मग पाणी मोजायचं. दोन ओळींची अदलाबदल, एवढंच होतं. मी म्हटलं, "सर, पण हे पापणी लवायच्या आत होतं. लाखात एखाद्या वेळी." यावर त्याने एवढंच विचारलं, "पेटी बसवलंस ती बोट आता खंय आसा?" बोट समुद्रात होती. मी फोन लावला, रेंज नाही. त्याने डबा न उघडता उचलला, छत्री घेतली. आम्ही दोघं मालवणच्या एसटीत बसलो. ओळखीचा कंडक्टर हसून म्हणाला, "काय सर, आज लवकर?" तर हा सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्या चेडवान माझा खोटा नाव घातल्यान." कंडक्टरला काही कळलं नाही, पण त्याने माझ्याकडे असं बघितलं की पुढचा थांबा कुठलाही असता तरी मी तिथेच उतरले असते.

बंदरावर आम्ही तीन तास बसलो. तो एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.  आकाश स्वच्छ, समुद्र शांत, आणि मला त्या शांत समुद्राचीच भीती वाटत होती. बोट आली. काही झालेलं नव्हतं. काहीच झालेलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण वाचणाऱ्याला इथे काहीतरी व्हावं असं वाटतं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, खुशीत होता. नापासकर बोटीवर चढला आणि स्क्रू काढायला बसला.

"अरे काढतस कित्याक? बरी वाजता मरे!" तांडेल म्हणाला.

"वाजता म्हणानच काढतंय."

"नि पाणी इला तर?"

"पेटी नाय होती तेव्हा काय करी होतस? वाकान बघी होतस मा?"

"बघी होतंय."

"नि ह्या चार दिवसांत कितीदा वाकलंस?"

तांडेल तळाकडे बघायला लागला. मीही. मला तोपर्यंत वाटत होतं की कधीतरी न वाजणारी पेटी ही काहीच नसण्यापेक्षा बरी. त्या माणसाने माझ्या पेटीवर भरवसा ठेवून तळात बघायचं सोडलं होतं, आणि तो भरवसा मी एका चोरलेल्या नावावर उभा केला होता. तिथे त्या ओल्या जेटीवर मला रडू आलं. नापासकराने ते बघितलं आणि पेटी माझ्या हातात दिली. "धर. जड आसा." एवढंच बोलला, मेला!

मालकांना त्याने सगळं सांगितलं, माझ्यादेखत, एक गोष्ट न गाळता. मालक मला काढायला निघाले तेव्हा म्हणाला, "काढू नको. दुसरीकडे गेली तर थंय पण ह्याच करतली. हंय निदान मी आसंय." याला कुणी माया म्हणत असेल तर खुशाल म्हणो. दोन ओळी उलट्या करून मी कोड पुन्हा त्याच्यासमोर ठेवला. त्याने खालून वर वाचला. ठिपका एकही नाही. "मग नाव?" मी विचारलं. "एकदा खोटा लागला त्या कोडाक माझा खरा लागाचा नाय." शेवटी परदेशातल्या एका बाईने तो तपासला आणि पेट्या बोटींवर गेल्या.

त्यानंतर मी दीड वर्ष राबून नवा कोड लिहिला. जुना सगळा मोडून, एकाच वेळी चार सेन्सर हाका मारतील असा. ईर्ष्येने लिहिला. या वेळी नाव देतो की नाही तेच बघते, म्हटलं. लिहून झाला तेव्हा नापासकराने ऑफिसला यायचं बंद केलं होतं. काचबिंदू. एक डोळा आधीच गेलेला, कुणाला सांगितलं नव्हतं. आता दुसराही गेला. मी कागद घेऊन मालवणला त्याच्या घरी गेले. त्याची बायको, आम्ही तिला आंटी म्हणायचो, दारात हळूच म्हणाली, "तेंका वाचूक येणा नाय तर कोणावर पण वरडतत. तू मनार घेव नको हां."

मी म्हटलं, "सर, मी वाचते, तुम्ही ऐका." तो व्हरांड्यात आरामखुर्चीत पडून होता. "खालसून वाच," म्हणाला. चार दुपारी मी शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत वाचलं, आणि चारही दुपारी त्याने प्रत्येक ओळीला तोच प्रश्न विचारला. दोन ठिकाणी मला माझी चूक त्याने विचारायच्या आधी दिसली. तिथेच दुरुस्त केली. चौथ्या दिवशी पहिली ओळ वाचून झाली. तो मग म्हणाला, "बरा लिवलंस."

चार वर्षांत पहिल्यांदा!  मी म्हटलं, "मग सर, तुमचं नाव घालू?"

"नको."

"का?"

"मी वाचूक नाय."

"अहो, चार दिवस ओळ न् ओळ ऐकलीत तुम्ही!"

"ऐकलंय. तू वाचलंस ता ऐकलंय. कागदार काय आसा ता माका दिसणा नाय."

"म्हणजे मी खोटं वाचलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

तो माझ्या आवाजाच्या दिशेने वळला. "तू काय वाचलंस ता माका ठावक आसा. पण 'तपासलं' म्हणान लिवचा तर माझ्या डोळ्यांनी बघूक व्हया. ते गेले. आता माझा नाव खंयच लागाचा नाय. तुझ्याच खाली नाय असा नाय गो."

हे सगळं बरोबर होतं, म्हणून तर मी इतकी चिडले. आंटीने आणलेला चहा न घेता उठले. फाटकापाशी ती मागून हाक मारत होती, मी वळले नाही. गणपतीच्या आधी तो गेला. मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून होते. आंटीला भेटले, माफी मागायची होती. त्याआधी तिनेच माझा हात दाबला.

नंतर महिन्याभराने मी तो कोड लिस्टवर मांडला. एका मोठ्या माणसाने, ज्याच्या होकाराशिवाय काही पुढे जात नाही, विचारलं, की या भागातलं तुमच्याकडचं सगळं ते गृहस्थ बघायचे, हेही त्यांनी तपासलंय का? तसं असेल तर लगेच घेतो. त्याला नापासकर गेल्याचं माहीत नव्हतं.  या वेळी 'हो' म्हणणं तितकंसं खोटंही नव्हतं. आणि नाकारायला आता कुणी नव्हतं. मेलेला माणूस लिस्टवर लिहीत नाही.

मी नापासकराला मालवणीत एक सणसणीत शिवी घातली, आणि उत्तरात लिहिलं, नाही.